वहीचे अक्षर आणि शेलची सफाई

'अक्षर सुधारा' हा शेरा आपण शिक्षकांनी आजवर किती वह्यांवर लिहिला असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे. भाषेच्या वहीत लिहितो तसा तो आपण गणिताच्या वहीतही लिहितो. कधी तो अगदी योग्य असतो. १ आणि ९ यांतला फरक कळेनासा झाला की पुढचे सगळे गणित चुकते. कधी मात्र हा शेरा लिहिला की आपले तपासण्याचे काम संपले असे आपल्याला वाटते. मग सुंदर अक्षरात, समास सोडून, पट्टीने रेघा मारून लिहिलेली चुकीची रीत आपल्या नजरेतून सहज निसटते.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जगातही हाच शेरा वेगळ्या शब्दांत दिला जातो. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचला की पहिली तक्रार होते ती मांडणीबद्दल. ओळी नीट आत सरकवलेल्या नाहीत, कंस भलत्याच जागी आहेत, नावे विचित्र आहेत, वगैरे. मग कोणीतरी 'सफाई' करायला बसतो. ही सफाई म्हणजे नेमके काय, तिने काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहण्यासाठी एका प्रसिद्ध प्रोग्रॅमचे उदाहरण घेऊ. हा प्रोग्रॅम म्हणजे स्टीव्ह बॉर्न यांनी लिहिलेला युनिक्सचा शेल. त्यातला आज्ञा चालवणारा भाग आपण थोडा तपशिलात वाचणार आहोत. संगणकाची भाषा येत नसली तरी चालेल. गणिताची वही तपासता येते एवढे पुरे.

टरफल आणि गर

युनिक्स ही कार्यप्रणाली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. यंत्राची स्मृती, डिस्क, एकाच वेळी चालणारी अनेक कामे यांचा कारभार पाहणारा तिचा जो गाभा, त्याला 'कर्नेल' म्हणजे गर म्हणतात. माणूस थेट गराशी बोलत नाही. तो बोलतो बाहेरच्या टरफलाशी. हे टरफल म्हणजे शेल. आपण एक आज्ञा टंकित करतो. शेल ती वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि सांगितलेला प्रोग्रॅम चालवतो. तो संपला की पुढच्या आज्ञेची वाट पाहतो.

शेलची कामे साधारण दोन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात तो आपले वाक्य वाचून त्याचा एक वृक्ष तयार करतो. व्याकरणाच्या तासाला आपण वाक्यपृथक्करण करतो ना, तसाच हा प्रकार. दुसऱ्या टप्प्यात तो या वृक्षावर फांदी-फांदीने चढत प्रत्येक काम पार पाडतो. हा दुसरा टप्पा म्हणजे आपला आजचा विषय. बॉर्न यांच्या शेलमध्ये तो मुख्यतः दोन फाइलींत आहे. एकीचे नाव 'एक्सेक' आणि दुसरीचे 'सर्व्हिस'.

एखादा प्रोग्रॅम चालवायचा म्हणजे शेल काय करतो? तो गराला सांगतो, "माझी एक हुबेहूब प्रत काढ." आता एकाच्या जागी दोन शेल झाले. मूळचा शेल थांबून राहतो. प्रत असलेला शेल गराला सांगतो, "माझ्या जागी आता तो प्रोग्रॅम आणून बसव." तो प्रोग्रॅम चालतो, संपतो आणि मूळचा शेल पुन्हा जागा होतो. प्रत काढायला यंत्रात जागाच नसेल तर बॉर्न यांचा शेल रडत बसत नाही. तो दहा सेकंदांचा गजर लावून झोपतो, उठून पुन्हा प्रयत्न करतो. जमेपर्यंत हे चालू राहते. हे सगळे दोन-तीन ओळींत बसवलेले आहे. वाचताना लेखकाच्या हाताचे कौतुक वाटते.

उसने कपडे

पण वाचायला बसले की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते वेगळेच. हा प्रोग्रॅम 'सी' भाषेत लिहिलेला आहे असे सांगितले जाते, आणि तो सी भाषेसारखा दिसतच नाही.

त्याचे कारण बॉर्न यांच्या पूर्वायुष्यात आहे. बेल प्रयोगशाळेत १९७५ मध्ये येण्यापूर्वी ते इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात होते, आणि तिथे 'अल्गोल ६८' या भाषेच्या एका कंपायलरवर त्यांनी काम केले होते. या भाषेत एक गमतीदार प्रथा होती. जो शब्द एखादी रचना सुरू करतो तोच उलटा लिहून ती रचना बंद करायची. 'इफ'ने सुरू झालेले 'फाय'ने संपते, 'केस'ने सुरू झालेले 'एसॅक'ने, 'डू'ने सुरू झालेले 'ऑड'ने. इंग्रजीत हे शब्द लिहून उलटे वाचून पाहा, म्हणजे गंमत कळेल.

सी भाषेत या जागी नुसते महिरपी कंस असतात. बॉर्न यांना ते रुचले नसावेत. सी भाषेत 'मॅक्रो' नावाची एक सोय आहे. 'हा शब्द दिसला की त्याच्या जागी तो मजकूर घाल' असे सुरुवातीलाच सांगून ठेवता येते. कंपायलर भाषांतराला बसण्यापूर्वी ही अदलाबदल होऊन जाते. बॉर्न यांनी एका लहानशा फाइलीत असे बरेच मॅक्रो लिहिले. 'इफ' लिहिले की सी भाषेतला 'इफ' आणि डावा कंस उमटावा, 'देन' लिहिले की उजवा कंस आणि उघडणारी महिरप, 'फाय' लिहिले की अर्धविराम आणि बंद होणारी महिरप. न संपणाऱ्या आवर्तनाला 'लूप' आणि त्याच्या शेवटाला 'पूल', म्हणजे पुन्हा तोच शब्द उलटा. अशा रीतीने त्यांनी सी भाषेला अल्गोलचे कपडे चढवले आणि मग सारा शेल त्या वेषात लिहून काढला.

शेल वापरणाऱ्याला आज्ञा लिहिताना जी भाषा वापरावी लागते तीही त्यांनी याच वळणाची केली. म्हणून आजही शेलच्या आज्ञांमध्ये 'इफ'चा शेवट 'फाय'ने आणि 'केस'चा 'एसॅक'ने होतो. 'डू'चा शेवट मात्र 'डन'ने होतो, कारण 'ऑड' या अक्षरांची एक आज्ञा युनिक्समध्ये आधीच होती! फाइलीतला मजकूर अष्टमान पद्धतीच्या अंकांत दाखवण्याचे काम ती करते.

हा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. थॉम्पसन यांच्या १९७१ च्या साध्या शेलच्या मानाने तो फारच समर्थ होता, आणि लवकरच सर्वत्र पोहोचला. त्याबरोबर त्याची दुरुस्ती करण्याचे कामही अनेकांच्या वाट्याला आले.

थट्टा आणि तिचे न्याय्य माप

मार्च १९८४ मध्ये अमेरिकेतले दोन प्रोग्रॅमर आपापल्या खोल्यांत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम दुरुस्त करत होते. लॅरी बॅसेल यांच्यापुढे बॉर्न यांचा शेल होता आणि लँडन कर्ट नॉल यांच्यापुढे 'फिंगर' नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम. वैतागून दोघेही बाहेर आले, एकमेकांना गाऱ्हाणी सांगू लागले आणि त्यातून एक स्पर्धा जन्माला आली. सी भाषेत सर्वांत दुर्बोध प्रोग्रॅम कोण लिहितो याची ती स्पर्धा. पुढे ती आंतरराष्ट्रीय झाली आणि तिने बॉर्न यांच्या शैलीला कायमचे चेष्टेचा विषय करून ठेवले.

ही थट्टा कितपत रास्त होती? टीका करायची तर दोन्ही पारड्यांत वजने घातली पाहिजेत.

प्रथम गुण पाहू. सी भाषेत 'इफ'नंतर एकच काम करायचे असेल तर महिरपी कंस घातले नाहीत तरी चालते. ही सवलत घातक आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या संगणकांत आणि फोनांत सुरक्षित संपर्काची तपासणी करणाऱ्या भागात एक गंभीर दोष सापडला. 'गोटू फेल' अशी एक ओळ चुकून दोनदा उमटली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या होत्या, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही 'इफ'च्या पोटातल्या वाटत. महिरपी कंस नसल्याने यंत्राच्या दृष्टीने फक्त पहिली ओळ 'इफ'ची होती. दुसरी कोणत्याही अटीशिवाय चालायची, आणि त्यामुळे पुढची महत्त्वाची तपासणी होतच नसे. समास एक सांगत होता आणि व्याकरण दुसरेच. बॉर्न यांच्या वेषात हा अपघात झाला नसता. तिथे 'देन' लिहिले की महिरप उघडतेच, आणि 'फाय' लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्या 'फाय'ला लोक हसले त्याच्या पोटात ही शिस्त होती.

दुसरा गुण. शेल एखादी आज्ञा शोधतो तेव्हा त्याच्याजवळ डिरेक्टऱ्यांची एक यादी असते. एकीत पाहायचे, नाही सापडली तर दुसरीत, असे करत जायचे. बॉर्न यांनी हे एका ओळीच्या आवर्तनात लिहिले आहे. सगळे काम आवर्तनाच्या अटीतच होऊन जाते, पोटात काहीच नाही. सी भाषेत अशा रिकाम्या आवर्तनाच्या शेवटी नुसता एक अर्धविराम असतो. तो दिसत नाही, आणि दिसला तर चुकून पडला असावा असे वाटते. बॉर्न यांच्या ओळीच्या शेवटी 'डन' असा शब्द आहे. 'काम एवढेच, संपले' असे तो स्पष्ट सांगतो. हे सी भाषेपेक्षा चांगले आहे.

आता दोष. हे कपडे चढवल्याने वाचणाऱ्याला एक तिसरीच भाषा शिकावी लागते. ती धड अल्गोल नाही, धड सी नाही. कंपायलर चुका दाखवतो त्या सी भाषेत, आणि वाचणाऱ्यासमोर असतो तो वेगळाच मजकूर. पण माझ्या मते खरा दोष याहून खोल आहे, आणि तो आज्ञा चालवणाऱ्या भागातच सापडतो.

सहा ओळींचा धडा

शेलने गराला 'हा प्रोग्रॅम चालव' म्हटले आणि गराने नकार दिला तर काय करायचे, हे 'सर्व्हिस' फाइलीतल्या एका लहानशा फंक्शनमध्ये लिहिले आहे. त्याचा मराठी आराखडा असा :

नकाराचे कारण पाहा.
१. 'हा यंत्रभाषेतला प्रोग्रॅम नाही' : ती फाइल शेलच्या आज्ञांची यादी समज आणि वाचायला घे.
२. 'स्मृती अपुरी' : तसे सांग आणि काम सोड.
३. 'आज्ञेबरोबरचा मजकूर फार लांब' : तसे सांग आणि काम सोड.
४. 'या फाइलीत कोणी लिहीत आहे' : तसे सांग आणि काम सोड.
५. इतर कोणतेही कारण : 'चालवता येत नाही' असे टिपून ठेव.
६. 'अशी फाइल नाही' : यादीतल्या पुढच्या डिरेक्टरीकडे परत जा.

पाचवी ओळ पुन्हा वाचा. 'टिपून ठेव' म्हटले, पण पुढे काय करायचे ते सांगितलेले नाही. ही चूक आहे का?

नाही. सी भाषेतल्या अशा पर्यायांच्या यादीचा एक नियम आहे. एका पर्यायात शिरलात आणि 'इथे थांब' असे लिहिलेले नसेल, तर खालच्या पर्यायातही आपोआप जायचे. जिन्यावरून पाणी उतरावे तसे काम पाचव्या ओळीवरून सहाव्या ओळीवर उतरते. म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, तर ते टिपून ठेवायचे आणि तरीही पुढच्या डिरेक्टरीत शोध चालू ठेवायचा. कुठेच काही चालले नाही तर शेवटी 'सापडली नाही' असे न म्हणता 'चालवता येत नाही' असे म्हणायचे. किती समंजस वागणूक आहे ही! एखादे पुस्तक ग्रंथालयात नाहीच, आणि पुस्तक आहे पण बांधणीला गेले आहे, या दोन उत्तरांत जो फरक आहे तोच इथे राखला आहे. आजच्या शेलमध्येही आज्ञा सापडली नाही तर १२७ आणि सापडून चालवता आली नाही तर १२६ असे दोन वेगळे अंक परत येतात.

आता सफाई करणाऱ्या उत्साही माणसाची कल्पना करा. त्याला पाचव्या ओळीच्या शेवटी 'इथे थांब' दिसत नाही. 'हे राहून गेलेले दिसते' असे म्हणून तो ते घालतो. मांडणी सुबक होते, आणि फंक्शन काहीही उत्तर न देता संपू लागते. पुढे काय होईल याचा भरवसा राहत नाही.

बॉर्न यांच्या उसन्या कपड्यांचा खरा दोष मला इथे दिसतो. त्यांनी या यादीलाही अल्गोलचा वेष दिला आहे. सुरुवात 'स्विच', मध्ये 'इन', शेवटी 'एंडएसडब्ल्यू'. अल्गोल ६८ मध्येही पर्यायांच्या यादीत 'इन' येतो. पण तिथे प्रत्येक पर्याय स्वतंत्र असतो. एकातून दुसऱ्यात उतरण्याची सोयच नाही. म्हणजे वेष सांगतो की पर्याय सुटे आहेत, आणि आतले यंत्र त्यांना जिन्यासारखे जोडते. 'फाय'चा वेष वाचकाला खरे तेच सांगत होता. 'इन'चा वेष त्याला फसवतो. शैलीचे मूल्यमापन करताना हा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ती परिचित आहे की विचित्र हे दुय्यम, जे घडणार आहे तेच ती दाखवते का हे मुख्य. आणि त्या जागी एका ओळीची टीप लिहिली असती तर दोष पुष्कळसा धुऊन निघाला असता. आजच्या सी भाषेच्या 'सी २३' या मानकात 'इथून खाली उतरणे हेतुपुरस्सर आहे' असे लिहिण्यासाठी खास खूण आहे. १९७९ मध्ये ती नव्हती, पण टीप लिहायला कोणाची मनाई नव्हती.

सफाई झाली, पण कशाची?

गंमत अशी की ज्या १९८४ साली ती थट्टेची स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी शेलचे कपडेही बदलले गेले. 'सिस्टिम फाइव्ह' या नावाने ए. टी. अँड टी. कंपनीने युनिक्सच्या ज्या आवृत्त्या काढल्या, त्यांतल्या दुसऱ्या आवृत्तीत शेल साध्या सी भाषेत आला. 'देन' आणि 'फाय' जाऊन महिरपी कंस आले. त्या आवृत्तीत शेलला नव्या सोयीही मिळाल्या, पण आपला विषय सफाईचा आहे.

या प्रकारच्या सफाईची एक मोठी सोय आहे. ती तपासता येते. मॅक्रो म्हणजे शब्दाच्या जागी मजकूर. तो मजकूर हाताने घातला काय आणि प्रोग्रॅमने घातला काय, कंपायलरपुढे जाणारा मजकूर तोच राहतो. तेव्हा जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइलींचे भाषांतर करावे आणि निघालेला यंत्रभाषेतला मजकूर एकेक बाइट ताडून पाहावा. भाषांतरात ओळींचे क्रमांक किंवा तारखा मिसळल्या नसतील तर दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. एका बाइटचाही फरक पडला, तर सफाई करताना अर्थाला हात लागला असे समजावे. इतकी चोख कसोटी आपल्याला वह्या तपासताना मिळत नाही.

पण कपडे बदलल्यावर शरीर तेच राहते. बॉर्न यांच्या शेलमध्ये दोन जुनी दुखणी होती, आणि त्यांचा महिरपी कंसांशी काहीही संबंध नव्हता.

पहिले दुखणे स्मृतीचे. प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावला की यंत्र त्याला अडवते आणि गर त्याला इशारा पाठवतो. एरवी हा इशारा म्हणजे मृत्यूची सूचनाच. बॉर्न यांनी त्याचा धूर्तपणे उपयोग केला. 'जागा पुरेल का' हे दर वेळी तपासत बसण्याऐवजी बेधडक लिहीत जायचे. हद्द ओलांडली की इशारा येईल. मग गराकडे आणखी जागा मागायची आणि अडलेली क्रिया पुन्हा करायची. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हा शेल घडला तिथे हे जमले. पण मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर अशी अर्धवट अडलेली क्रिया पुन्हा नीट सुरू करू शकत नव्हता. ती त्रुटी ६८०१० मध्ये दूर झाली. ६८००० च्या यंत्रांवर शेल नेणाऱ्यांना या युक्तीने चांगलेच छळले. १९८४ च्या सफाईत ही युक्ती जागच्या जागी राहिली.

दुसरे दुखणे आपल्या जास्त जवळचे आहे. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात आणि बाइटमध्ये आठ असतात. उरलेला आठवा बिट बॉर्न यांनी स्वतःच्या खुणेसाठी वापरला. अवतरणचिन्हात आलेले अक्षर असेल तर आठवा बिट १ करायचा, आणि प्रोग्रॅम चालवायची वेळ आली की सगळ्या अक्षरांचे आठवे बिट पुसून टाकायचे. इंग्रजीपुरते हे ठीक. पण भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये मानक ठरलेल्या 'इस्की' या संकेतपद्धतीत आपली अक्षरे नेमकी आठवा बिट १ असलेल्या भागात आहेत. 'क'चा क्रमांक १७९. आठवा बिट पुसला म्हणजे त्यातून १२८ वजा झाले. उरले ५१, आणि ५१ हा रोमन लिपीतल्या तीन या अंकाचा क्रमांक आहे. म्हणजे १९७९ च्या शेलला फाइलीचे नाव 'कखग' असे दिले असते, तर त्याने ते मुकाट्याने 'तीन-चार-पाच' करून पुढे पाठवले असते. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि तिन्हींचा आठवा बिट १ असतो. ती पद्धतही या शेलमध्ये टिकली नसती. युरोपातल्या अनेक भाषांचीही हीच अडचण होती. १९८४ ची कपडेबदल झाल्यानंतरही हा दोष उरला होता. तो दूर झाला पुढच्या, म्हणजे सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीत.

जरा विचार करा. लोक हसले ते 'फाय'ला. 'फाय'मुळे कोणाचे अक्षर पुसले गेले नाही. आठव्या बिटाची युक्ती मात्र कोणत्याही कपड्यांत सुबकच दिसली असती, आणि तिने जगातल्या कितीतरी भाषांना शेलच्या दाराबाहेर उभे ठेवले असते.

तीन सफाया, तीन कसोट्या

यावरून माझे म्हणणे असे की, 'सफाई' या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळी कामे कोंबतो.

पहिले काम कपड्यांचे : समास, कंस, मॅक्रो. याची कसोटी म्हणजे यंत्रभाषेतला मजकूर तंतोतंत तोच राहणे. दुसरे काम रचनेचे : लांबलचक फंक्शनचे तुकडे करणे, पर्याय नीट लावणे, हेतूची टीप लिहिणे. टिपा सोडल्या तर इथे यंत्रभाषा बदलू शकते, म्हणून कसोटी चाचण्यांची. फाइल नाही, फाइल आहे पण परवानगी नाही, पहिल्या डिरेक्टरीत बिघडलेली आणि दुसरीत चांगली आहे, अशा प्रत्येक परिस्थितीत शेल पूर्वीसारखाच वागतो का हे पाहायचे. तिसरे काम गृहीतांचे : अडलेली क्रिया यंत्र पुन्हा करील, जगातली अक्षरे सात बिटांत मावतील, असे जे लेखकाने धरून चालले होते ते बदलणे. इथे वागणूक बदलणे हाच हेतू असतो, म्हणून आधी 'काय बदलायचे' हे स्पष्ट लिहावे लागते.

ही तिन्ही कामे एकाच बैठकीत, एकाच बदलात केली तर कोणतीच कसोटी लावता येत नाही. हजार ओळींचे समास बदलले असतील तर त्यांत घातलेले एक चुकीचे 'इथे थांब' कोणाला दिसणार? म्हणून कपडे वेगळे धुवावेत, रचना वेगळी लावावी, गृहीते वेगळी तपासावीत. आणि पहिल्या कामाला हलके मानू नये. सहा ओळींचा तो जिना साध्या सी भाषेत दिसू लागला तेव्हाच त्याच्याबद्दल नीट विचार करणे सोपे झाले. स्वच्छ काचेतून दोष दिसतो. काच पुसल्याने तो जात मात्र नाही.

वर्गात

युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने खुला केला. त्यामुळे बॉर्न यांची फाइल आज कोणालाही वाचता येते. पण वर्गात तेवढे खोल जाण्याची गरज नाही. वरच्या सहा ओळी फळ्यावर लिहा. एका मुलाला शेल करा, तीन मुलांना डिरेक्टऱ्या करा आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठ्या द्या : 'नाही', 'आहे पण चालत नाही', 'आहे'. खेळ दोनदा खेळा. एकदा आहे तसा, आणि एकदा पाचव्या ओळीनंतर 'इथे थांब' घालून. दुसऱ्या डिरेक्टरीत 'आहे पण चालत नाही' आणि तिसरीत 'आहे' अशी चिठ्ठी ठेवलीत, तर फरक मुलांनाच सापडेल. त्यानंतर त्यांना विचारा की ही पाचवी ओळ वाचणाऱ्याला फसवू नये म्हणून तुम्ही तिथे काय लिहाल? मिळणाऱ्या उत्तरांतून शैली म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा चांगले समजेल.

मुले आता शाळेतच प्रोग्रॅम लिहू लागली आहेत. पायथनसारख्या भाषेत तर समास हेच व्याकरण आहे. तिथे ओळ आत-बाहेर झाली की अर्थच बदलतो. त्यांच्या प्रोग्रॅमवर आपणही शेरे देणार आहोत. 'मांडणी सुधारा' हा शेरा जरूर द्यावा, पण त्यापुढे एक वाक्य अधिक लिहावे : कोणती ओळ वाचणाऱ्याला काय वाटायला लावते आणि प्रत्यक्षात काय करते. एवढे लिहायचे तर आपल्याला तो प्रोग्रॅम आधी वाचावा लागेल. अक्षराच्या शेऱ्याने जे काम आपण टाळत होतो ते हेच.